साडेपाचला सुटणारं ऑफिस

सांगलीच्या गावभागातलं घर. संध्याकाळचे साडेसहा. झोपाळ्यावर एका बाजूला उघडा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला दोऱ्याने शिवलेलं एक जुनं बाड, आणि मधे भडंगाची वाटी. बाडाच्या खालच्या कडेला चार बोटं उंचीची तपकिरी रेघ आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी माजघरापर्यंत आलं तेव्हा हे बाड ट्रंकेत तळाला होतं. पाणी ओसरल्यावर मामांनी शिवण उसवली, एकेक पान सुटं केलं आणि गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळवलं. कार्बनची निळी अक्षरं ठिकठिकाणी फुटली. समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा मात्र जशाच्या तशा राहिल्या: कुणी कोणत्या विंगेतून यायचं, कुठल्या शब्दावर वळायचं, कुठे नुसतं थांबायचं.

ही एका एकांकिकेची प्रॉम्प्टरची प्रत. १९७९ साली पुण्यातल्या एका बँकेच्या शाखेत, काउंटर बंद झाल्यावर, बँकेच्याच टाइपरायटरवर मामांनी ती टाइप केली. वर कोरा कागद आणि खाली तीन कार्बन. चौथी प्रत पुसट यायची, आणि टाइप करणाऱ्याच्या वाट्याला तीच.

आज ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच तारखेला याच गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, म्हणून सांगलीकराला हा दिवस घरच्या कार्यासारखा. भाची त्यासाठीच पुण्याहून आली आहे. रजा शिल्लक नव्हती, म्हणून लॅपटॉप घेऊन आली. वय २८. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करते आणि तिथून सुटली की सदाशिव पेठेत तालमीला पळते. मामा सत्तरीचे, बँकेतून निवृत्त. मामी शाळेतून निवृत्त. आत्ता त्या स्वयंपाकघरात आहेत, पण या घरात स्वयंपाकघरातून झोपाळ्यावरचं सगळं ऐकू येतं.

विषय एकच. कंपनीने भाचीला टीम लीड व्हायला सांगितलंय. पगार वाढेल. वेळ मात्र दुपारी एक ते रात्री दहा, कारण पलीकडची माणसं अमेरिकेत. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

अशा वेळी घरातलं वडीलधारं माणूस काय सांगणार, हे आपल्याला पाठ असतं. मिळतंय ते घे, नाटक काय, होत राहील. मामांनी नेमकं उलटं सांगितलं.

“नोकरी सोड.”

“लीडची ना? तेच म्हणतेय मी, नकोच म्हणून कळवते.”

“लीडची नाही, सगळीच सोड. दोन वर्षं निभतील एवढे साठलेत म्हणालीस. मग सोड आणि नाटक कर. लिहायचंय म्हणतेस, बसवायचंय म्हणतेस. रात्री साडेदहाला जांभया देत काय बसवणार तू?”

“आणि दोन वर्षांनंतर, मामा?”

“ते तेव्हा बघू. डॉक्टर लागूंनी चाळिशी ओलांडल्यावर उडी घेतली. नाक-कान-घशाचे सर्जन, आफ्रिकेत नोकरी करून आलेले. १९६९ मध्ये प्रॅक्टिस बंद केली आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’त उभे राहिले. पुढच्या वर्षी ‘नटसम्राट’. दवाखाना आटोपून, हात धुऊन गणपतराव बेलवलकर करता आला असता का?”

“लागूंचं उदाहरण सगळे देतात,” भाची म्हणाली, “त्याआधीची वर्षं कुणी सांगत नाही. त्यांचं आत्मचरित्र, ‘लमाण’, मीही वाचलंय. कॉलेजपासून ते नाटक करत होते. भालबा केळकरांच्या ‘पीडीए’ या नाट्यसंस्थेत किती वर्षं संध्याकाळच्या तालमी केल्या! दवाखाना बंद केला तेव्हा नट तयार होता. आणि डॉक्टरला परत पाटी लावता येते. माझ्या कामात दोन वर्षांचा खंड पडला की मुलाखतीला पण कुणी बोलवत नाही.”

मामांनी भडंगाची मूठ तोंडात टाकली, म्हणजे मुद्दा लागला होता.

भाचीने मग पुण्याचा हिशेब मांडला. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्यमंदिरात उभं राहिलं. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. याच मंडळींतले सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात. नाटकावर वादळ उठलं, ‘पीडीए’ने १९ प्रयोगांनंतर ते थांबवलं. तेव्हा या लोकांनी १९७३ मध्ये ‘थिएटर ॲकॅडमी’ काढली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा सुरू केलं.

“यांचं पोट नाटकावर असतं तर?” ती म्हणाली. “कोण निर्माता एवढी माणसं घेऊन असलं नाटक पुन्हा उभं करायला पैसे घालणार होता? त्यांना ‘नाही’ म्हणता आलं, कारण महिन्याचा पगार दुसरीकडून येत होता. एलकुंचवार नागपूरला इंग्रजी शिवत होते का? शिकवतच होते ना? तिथूनच लिहिलं ना ‘वाडा चिरेबंदी’?”

“जीभ घसरली, पण वाक्य चांगलं आहे,” मामा हसले. “आणि मतकरी?”

“मतकरीसुद्धा! बँक ऑफ इंडियात वीस वर्षं. तिथे असतानाच ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’. मुलांची नाटकं पदराला खार लावून केली. पगार होता म्हणून पदर होता.”

“आणि १९७८ मध्ये नोकरी सोडली. ते का विसरतेस?”

रत्नाकर मतकरी दोघांनाही आपले वाटले, आणि खरं तर दोघांचेही आहेत. वीस वर्षं कुणाच्या बाजूची, राजीनामा कुणाच्या बाजूचा, असं त्यांचं आयुष्य फाडून वाटून घेता येत नाही. या घरातली चर्चा मात्र बराच वेळ तशीच चालली होती. एकाने नाव काढायचं, दुसऱ्याने त्याच नावातून आपला पुरावा काढायचा.

मग भाचीने गावाचंच उदाहरण घेतलं.

“आपल्या भाव्यांचं काय? त्यांना कुणी सांभाळलं? राजाने. चिंतामणराव पटवर्धन पाठीशी होते म्हणून तर ‘सीतास्वयंवर’ झालं. माझा पगार हा माझा राजाश्रय समज. तो मी का सोडू?”

मामांनी याची वाटच पाहिली असावी. “१८५१ ला राजेसाहेब गेले. आश्रय आटला. मग भाव्यांनी काय केलं? मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. दरबारातलं नाटक लोकांत आलं ते राजा गेल्यावर. तुझा राजा जिवंत आहे तोवर तू दरबारातच खेळणार. शंभर ओळखीच्या लोकांसमोर.”

हे लागण्यासारखं होतं. भाचीच्या ग्रुपचे प्रयोग बहुतेक ‘सुदर्शन’ला होतात, शनिवार पेठेतल्या त्या छोट्या रंगमंचावर, आणि समोरच्या खुर्च्यांत बसलेल्यांपैकी निम्म्यांना ती नावाने ओळखते. पण तिने मान खाली घातली नाही. बोटांवर आकडे मोजले.

“ऐंशी लोक आले, अडीचशे तिकीट, वीस हजार झाले. थिएटरचं भाडं, लाइट्स, सेटचा टेम्पो, चहा-वडापाव, पोस्टर. उरतं ते सात जणांत वाटलं तर पेट्रोल सुटतं. बरं, तिकीट वाढवून वाढवून किती वाढवणार? पाचशेच्या वर गेलं की त्यावर जीएसटी. मग यातून मी घरभाडं कसं काढायचं, ते सांग.”

“व्यावसायिक कर. प्रयोगामागे नाईट मिळेल.”

“नाईट मिळते रे, पण शनिवार-रविवारची. मधले पाच दिवस मालिका. आमच्यातला एक जण गेला ना मुंबईला, नोकरी सोडून, नाटकासाठीच. वर्षभर चकरा मारल्या, मग मालिकेत चांगलं काम मिळालं. महिन्यातले वीस-बावीस दिवस शूटिंग, तेरा तासांची शिफ्ट. दीड वर्षात त्याने एक प्रयोग केलेला नाही. परवा आमचं नाटक बघायला यायचं म्हणत होता, तेही जमलं नाही. नोकरी सोडली की नाटक मिळतं असं नाही, मामा. दुसरी नोकरी मिळते.”

“प्रशांत दामले बेस्टमध्ये होते,” मामा जरा हळू म्हणाले. “२०२२ ला साडेबारा हजारावा प्रयोग केला.”

“दामले किती आहेत?”

मामा गप्प झाले. झोपाळ्याची एक कडी कुरकुरत होती. नंतर त्यांनी ते बाड उचललं, आणि इथून पुढे बोलण्याला वेगळं वळण लागलं, कारण त्यांनी नावं घेणं सोडलं आणि घड्याळ काढलं.

“हे ज्या दिवशी टाइप केलं ना, त्या दिवसाचं सांगतो. शाखा लक्ष्मी रोडला. दोन वाजता कॅश बंद. साडेपाचला लेजर मिटलं. मिटलं म्हणजे मिटलं, डोक्यातून सुद्धा. सायकलने भरत नाट्यमंदिरापाशी सात मिनिटं. सहाला चहा, साडेसहाला तालीम, साडेनऊला घरी. आमच्या आंतरबँक स्पर्धा असायच्या. स्पर्धा जवळ आली की मॅनेजर स्वतः म्हणायचा, चारला सुटा, बक्षीस आणा. तू आगाशे-आळेकरांचं सांगतेस ते सगळं खरं. पण त्या काळात पुण्यातली नोकरी संध्याकाळी संपत होती. तुझी संपते का?”

भाचीने उत्तर दिलं नाही. तिचा दिवस सकाळी पावणेनऊला कंपनीच्या बसने सुरू होतो. संध्याकाळी साडेसहाला निघाली तर पेठेत पोचायला आठ, पाऊस असेल तर साडेआठ. सात जणांच्या संचात त्या वेळी चार हजर असतात. एकाचा कॉल लांबलेला, एकाचं रिलीज, एक वाकडच्या पुलावर अडकलेला. उभी तालीम सुरू असताना कुणीतरी कानात बोंडं घालून विंगेत कुजबुजत असतं, माझा स्क्रीन दिसतोय का म्हणून. सगळे एकत्र असा वेळ आठवड्यात चार तास निघाला तर तो आठवडा चांगला. नवं नाटक उभं राहायला सात महिने लागले. त्यात दोघं बदलले.

“आता कळलं मी ‘सोड’ का म्हणतो?” मामा म्हणाले. “तुझ्याकडे धाडस नाही असं म्हणतच नाही मी. तुझ्याकडे साडेपाच नाहीत.”

इथे थोडं थांबायला हवं. मराठी नाटकाचा इतिहास आपण नाटककार, नट, दिग्दर्शक यांच्या नावांनी सांगतो. कामाच्या वेळांनी तो कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवा असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं. परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणी कामगारांची नाटकं झाली ती पाळ्यांच्या हिशेबाने. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी सुटायचा, तो संध्याकाळी तालमीला मोकळा. राज्य नाट्य स्पर्धेने साठी ओलांडली. तिच्या हौशी संघांत वर्षानुवर्षं शिक्षक, कारकून, वीज मंडळातली, एसटीतली माणसं दिसत आली, कारण त्यांना हजेरीपटावर सही करून घरी जाता येत होतं. महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही, तेव्हा पुण्यात मुलांच्या दर्जावर पुष्कळ बोललं गेलं. त्या मुलांना तालमीला किती तास मिळाले, याची चौकशी त्या मानाने कमी झाली.

पण वेळेचं सगळ्यात जिवंत उदाहरण मामांकडेच होतं, आणि ते त्यांनी आजवर भाचीला सांगितलं नव्हतं.

१९८८ मध्ये त्यांनी प्रमोशन घेतलं. ऑफिसर झाले आणि बदली झाली थेट गडचिरोली जिल्ह्यात, वडशाला. पुण्यातलं नाटक त्या ऑर्डरबरोबर संपलं. शाखेतल्या दोघांनी मात्र नाटकासाठी प्रमोशन नाकारलं आणि ते कारकून म्हणूनच निवृत्त झाले.

“वडशाला काय असतं ते मला ठाऊकच नव्हतं,” मामा म्हणाले. “दिवाळी झाली आणि बघतो तर गावात नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडलेली. बाहेर फळ्यावर तारखा. झाडीपट्टी! धान कापून झालं की सुरू, ते थेट होळीपर्यंत. रात्री दहाला पडदा वर जायचा आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत खेळ. बैलांचा शंकरपट असला की त्या रात्री तिथे नाटक ठरलेलंच. लोक बैलगाड्या जुंपून यायचे, पोरंबाळं, घोंगड्या घेऊन. मंडपात हजारो माणसं. मी आपला पुण्याचा, सदाशिव पेठी, नाक वर करून गेलो आणि पहाटेपर्यंत बसलो.”

“तू काम केलंस?”

“नाही ना. मार्च एंडिंग, वसुली, कॅश. पण माझे खातेदार होते ना स्टेजवर! सकाळी काउंटरला पीककर्जाचा हप्ता भरायला आलेला माणूस रात्री राजा. सहा महिने शेत, चार महिने नाटक. त्यांना कुणी विचारत नव्हतं, नाटक करतोस की शेती. धान ज्या वेळी सोडेल त्या वेळी नाटक.”

झाडीपट्टीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातली ही रंगभूमी तिकिटावर चालते, सरकारी अनुदानावर नाही. तिचं वेळापत्रक पिकाने आखलंय. पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीचं वेळापत्रक कधीकाळी ऑफिसच्या सुटण्याने आखलं होतं, इतकाच दोन्हींत फरक. धान अजून दिवाळीला कापलं जातं, तेवढं सुदैव पुण्याच्या नाटकवाल्यांना लाभलं नाही.

भाचीने लॅपटॉप मिटला. “म्हणजे बघ. तुझ्या त्या दोघांनी जे केलं तेच मी करतेय. लीड नको, आहे ते टेस्टिंग बरं. साडेसहाला तरी सुटते. पगार कमी, पण संध्याकाळ आहे.”

“त्यांच्यामागे युनियन होती, बाळा. प्रमोशन नाकारलं म्हणून कारकुनाला कुणी हात लावू शकत नव्हतं. तुमच्याकडे एकदा नोंद झाली, हिला पुढे जायचं नाही, की पुढच्या कपातीत पहिलं नाव कुणाचं?”

हे खोटं नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी अशीच गेली होती. सकाळी मीटिंग, दुपारी ओळखपत्र जमा. वाढीव जबाबदारी तिनेही नाकारली होती, लहान मूल घरी होतं म्हणून.

“म्हणून म्हणतो, ते काढायच्या आधी तूच नीघ. मी नाकारलं नाही आणि सोडलंही नाही. मधल्या मधे राहिलो. पस्तीसहून जास्त वर्षं झाली त्याला.”

तेवढ्यात मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“साडेपाचला सुटायचास, साडेसहाला तालीम, साडेनऊला घरी,” त्या म्हणाल्या. “आणि साडेनऊला ताट वाढलेलं असायचं. ते कुणी वाढलेलं असायचं, ते सांगितलंस का तिला?”

झोपाळा थांबला.

“माझी शाळा साडेपाचलाच सुटायची. सकाळची नव्हती, दुपारची. मी गॅदरिंगला नाटकं बसवायचे, तुझ्या लक्षात आहे ना? मुख्याध्यापक म्हणाले होते, शिक्षकांच्या स्पर्धेत उतरा. पण संध्याकाळी पोरगी पाळणाघरातून आणायची, तिचा अभ्यास, तुझ्या आईंचं पथ्य. घरात संध्याकाळ एकच होती, ती तू घेतलीस. मी तक्रार करत नाही. पण हिला ऑफिसच्या वेळा सांगतोस तर सगळ्या सांग.”

मामा काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंच.

“सुलभा देशपांडे बघ,” मामी आता भाचीशी बोलत होत्या. “दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे शिक्षिका, आणि ती करणारी बाई पण शिक्षिका. ते नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठीच उभं केलेलं, १९६७ सालचं. पुढे नवरा-बायको दोघांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था काढली, आणि प्रयोगांना जागा कुठली मिळाली? छबिलदासचाच हॉल. त्याची चळवळ झाली. तिथे संध्याकाळ दोघांची होती. म्हणून मला तुमचं हे सोडू की धरू कळत नाही. धरलंस तरी संध्याकाळ कुणाकडून तरी मागून घ्यायची, सोडलंस तरी घ्यायचीच. उद्या लग्न केलंस तर कुणाकडून घेणार आहेस, ते आधी विचार त्याला.”

“सध्या कोणी नाहीये, मामी.”

“म्हणून तर आत्ता सांगतेय.”

मामी आत गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. मामांनी विषय बदलायचा म्हणून दर भेटीत विचारतात तो प्रश्न विचारला, “सध्या वाचतेस काय?”

“ऐकतेय. बसमध्ये वाचलं की मळमळतं. जाता-येता मिळून तीन तास होतात, त्यात ऑडिओबुक. दोन महिन्यांत तीन कादंबऱ्या झाल्या.”

“ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे.”

“पु. ल. आणि सुनीताबाई मर्ढेकरांच्या कविता वाचायचे तेव्हा समोरचे लोक काय करत होते मग?”

यावर मामी मोठ्याने हसल्या. वाचनाच्या बाबतीत मामा हळवे आहेत, त्याला कारण आहे. सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं २०१९ च्या त्याच पुरात भिजली. पाणी उतरल्यावर लगदा झालेले खंड बाहेर काढायला जी माणसं गेली, त्यांत ते होते. तेव्हापासून कागद हातात धरल्याशिवाय त्यांना वाचल्यासारखं वाटत नाही. पण भाची पुढे जे म्हणाली ते त्यांनी कान देऊन ऐकलं.

“माझं पाठांतरही तसंच चालतं. बाकी सगळ्यांची वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड केलीत आणि माझ्या वाक्यांपुरती जागा मोकळी सोडलीय. बसमध्ये त्या मोकळ्या जागेत मी मनात बोलते. पण एक होतं. रेकॉर्डिंगमधली माणसं रोज त्याच सुरात बोलतात, मग मीही त्याच सुरात उत्तर देते. प्रत्यक्ष तालमीत समोरचा जरा वेगळं बोलला की गडबडते. आम्ही वाचन केलंच नाही धड. बसून, चार-आठ दिवस, नुसतं वाचन. वेळच नव्हता, थेट ब्लॉकिंगला उभे राहिलो.”

“वाचन केलं नाही?” मामांचा आवाज चढला. राजीनाम्याच्या गोष्टीने चढला नव्हता इतका. “आम्ही पंधरा दिवस उठायचो नाही जागचे. एका वाक्यावर भांडणं व्हायची. ही पेन्सिल दिसते ना, ती सगळी त्या पंधरा दिवसांतली आहे.” त्यांनी बाड उघडून एक पान पुढे केलं. संवाद तीन शब्दांचा होता, आणि त्याच्या शेजारी समासात चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं होतं: ‘थांब. मग बघ. मग बोल.’ गाळाच्या रेघेच्या बरोबर वर.

भाचीने ते पान उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

“कुठाय तुझी संहिता?” मामांनी विचारलं.

“बॅगेत. दोन प्रती आहेत.”

“आण. किती पात्रं?”

“तीन. पण मामा, साडेसातला माझा कॉल आहे.”

“अजून वीस मिनिटं आहेत. पहिली चार पानं होतील.”

तिने प्रती आणल्या. चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. मामांनी बापाचं पात्र घेतलं, भाचीचं तिचं होतंच. पहिल्याच पानावर तिसऱ्या पात्राचं वाक्य आलं आणि दोघं अडखळले. दोघांनीही मामींकडे पाहिलं.

“कुकर लावायचाय मला,” मामी म्हणाल्या.

मामा उठले. आपल्या हातातली प्रत त्यांनी मामींच्या मांडीवर ठेवली, आपल्या पात्राखाली बोटाने रेघ दाखवली, “बाप आणि शेजारीण, दोन्ही तूच वाच,” म्हणाले आणि आत गेले. भांड्यांचा आवाज आला. डाळीचा डबा एकदा उघडून मिटला, मग दुसरा.

“शेजारीण जरा संशयी आहे का गं?” मामींनी विचारलं.

“आम्ही अजून ठरवलेलं नाही.”

“ठरवायला हवं.” मामींनी पहिलं वाक्य एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने. मग पुन्हा, वेगळ्या सुरात. भाचीने टेबलावरची पेन्सिल घेतली.

“अगं, शिट्ट्या किती?” आतून मामांचा आवाज आला.

मामींनी पानावरून मान वर केली नाही. हाताची तीन बोटं स्वयंपाकघराच्या दिशेने धरली, जिथून ती दिसणं शक्य नव्हतं, आणि वाचत राहिल्या.